कटकट्या पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. जखमेतली घाण ओढून घेणे हे माझे काम. अंगावर ओरखडे आहेत, एक बटण सैल झाले आहे आणि सगळा वॉर्ड मला 'कटकट्या' म्हणतो. म्हणू दे! मला त्याची लाज नाही.

नवा होतो तेव्हा माझे कोण कौतुक! डॉक्टर स्वतः मला पुसत. पुढे हलके पंप आले आणि मी कपाटात धूळ खात पडलो. एकदा ते नवे पंप सगळे कामात होते, म्हणून मला शिंपीकाकांच्या खाटेशी आणले. त्यांच्या तळपायाची जखम चिघळली होती.

डॉक्टर म्हणाले, "चार दिवसांत सुधारली नाही, तर पाय काढावा लागेल."

"मग मशीन कशाने चालवू?" काकांनी विचारले.

सिस्टरनी जखम धुतली, औषध लावले, स्पंज बसवला आणि वरून पारदर्शक पट्टी घट्ट चिकटवली. नळी जोडताच मी कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी मात्र कुठूनतरी हवा शिरली. ओढ सुटली. मी बोंब ठोकली.

"झालं याचं सुरू! आत्ता कुठे यांचा डोळा लागला होता," म्हणत खाटेशी बसलेल्या काकूंनी आवाजाचे बटण दाबले. दोन मिनिटांनी मी पुन्हा ओरडलो. त्यांनी दाबले, मी ओरडलो.

"फेका ते डबडं!" शेजारचे आजोबा खेकसले.

मला राग आला. गप्प बसलो असतो तर गुणी ठरलो असतो, पण काकांचा पाय गेला असता. मी ओरडतच राहिलो.

सिस्टर धावत आल्या. पट्टीची कड चाचपताच त्यांचे बोट बुळबुळीत झाले. "काकू, इथे काय लावलंत?"

"मलम हो. पट्टी जराशी उचलून कडेने लावलं. म्हटलं, जास्त लावलं तर लवकर बरं होईल."

"अहो, औषध हवं तेवढं आत आहे. कड तेलकट झाली की पट्टी धरत नाही. तो बिचारा तेच सांगत होता!"

काकूंना रडू कोसळले. काका म्हणाले, "रडू नकोस गं. टाके जास्त घातले की कापडसुद्धा फाटतं."

सिस्टरनी पट्टी नव्याने चिकटवली. चौथ्या दिवशी जखमेत नवे, लालचुटूक मांस दिसले. पाय राहिला.

काही महिन्यांनी काका चालत आले. त्याच पायाने मशीन चालवून त्यांनी माझ्यासाठी खोळ शिवली होती. आवाजाच्या जाळीपुढे कापड कापून जागा मोकळी ठेवली होती. "तोंड झाकायचं नाही, असं हिने बजावलंय," ते म्हणाले.

मित्रांनो, मला पुसा, माझे सैल बटण बदला. पण मी ओरडलो, तर आधी जखम पाहा. गप्प बस म्हणू नका. मी बसणार नाही.