बसत न्हाई

भिंगारचे लोककवी सोपान भिंगारदिवे मेल्यानंतर जास्त लिहू लागले. जिवंतपणी वर्षाला एखादं गाणं. मेल्यावर आठ वर्षांत तीस. त्यांच्या बायकोला, कलाबाईला, याचं विशेष काही वाटत नसे. कारण जिवंतपणीची गाणीही तिचीच होती.

जयंतीच्या गाण्यांचा एक रिवाज आहे. शेवटच्या कडव्यात कवीचं नाव यायचंच. सोपानचा गळा गोड, अक्षरओळख बेताची. कलाबाई सातवी शिकलेली. लष्कराच्या मेसमध्ये भांडी घासताना ती गाणं जुळवी, घरी येऊन वहीत उतरवी आणि नवऱ्याकडून पाठ करून घेई. पहिल्याच गाण्यात तिनं शेवटी स्वतःचं नाव घातलं होतं. सोपान दोनदा गुणगुणला आणि म्हणाला, "बसत न्हाई. लई लांब पडतं." तिनं नाव खोडलं, त्याचं घातलं. माणूस वाईट नव्हता, पगार आणून हातात ठेवी. पण ते कुसळ तिच्या मनात रुतलं ते रुतलंच. एकदा तरी आपलं नाव चारचौघांत गायलं जावं, एवढंच तिला हवं होतं.

सोपान गेल्यावर गायन पार्टी भाच्यानं, संदीपनं सांभाळली. तो विचारायला आला, "मामी, मामांच्या ट्रंकेत एखादं गाणं उरलंय का?"

ट्रंकेत दोन शर्ट आणि एक पट्टा होता. "बघते," कलाबाई म्हणाली, आणि चार दिवसांत एक गाणं निघालं. मग निघतच गेली. कोरोनाचं गाणं निघालं तेव्हा संदीप वही कपाळाला लावून म्हणाला, "मामा लई पुढचं बघायचे." जिल्ह्याचं नाव बदललं, तर त्याचंही निघालं. कुणाला शंका आली नाही. बाईच्या हाताची चव आमच्याकडे फक्त कालवणात ओळखतात.

यंदा जयंतीच्या आठवड्यात मंडळानं सोपानला मरणोत्तर पुरस्कार दिला. कार्यक्रमाला विषयही होता : 'कवी का लिहितो?' पहिले कवी म्हणाले, समाजाला जागं करण्यासाठी. पुढच्या रांगेत दोघे झोपले होते. दुसरे म्हणाले, लिहिलं नाही तर मी गुदमरतो. ते पाऊण तास बोलले आणि गुदमरलो आम्ही.

मग सूत्रसंचालक सम्राटनं कलाबाईला शाल, नारळ, ट्रॉफी आणि माइक दिला. "मावशी, एवढ्या हालअपेष्टांत सोपानराव का लिहीत राहिले?"

ट्रॉफीवर नवऱ्याचा फोटो होता. खोटं बोलावं तर आपलं नाव कायमचं बुडणार. खरं बोलावं तर मेलेल्या माणसाची अब्रू जाणार. तिला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

"डोक्यात गाणं आलं की भांडी नीट निघत न्हाईत," ती म्हणाली. "लिवून टाकलं की निघत्यात. दुसऱ्या दिशी परत पडत्यात."

लोक हसले. सोपानराव घरी भांडीही घासायचे, याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. सम्राटनं त्यावर स्त्री-पुरुष समानतेची दोन वाक्यं टाकून टाळ्या घेतल्या.

कलाबाईनं नारळ खाली ठेवला. "संदीप, सूर दे. नवं गाणं म्हनते."

पंचाहत्तरीला आलेला आवाज जरा चिरका लागला, पण चाल सुटली नाही. शेवटचं कडवं आलं. आता 'सोपान हा सांगे' येणार, म्हणून संदीपनं पेटीचा सूर चढवला.

"कलाबाई सांगे..." तिनं म्हटलं.

पेटी थांबली. कोरसमधल्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. ढोलकीवाला तेवढा वाजवत राहिला, त्याला शब्दांशी देणंघेणं नव्हतं. कलाबाईनं ओळ पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा नातीनं, प्रज्ञानं ती उचलली. मग बाकीच्या बायांनी. शेवटी, मान खाली घालून, संदीपनं.

नाव चालीत चपखल बसलं होतं. कुठं लांब नाही, कुठं आखूड नाही. कलाबाईला रडू फुटलं, तरी तिनं कडवं पुरं केलं आणि ट्रॉफी तोंडासमोर धरली.

"बसतंय की वो," ती फोटोला म्हणाली. माइक चालूच होता.