पाड्याचा थांबा

उपयोजित गणिताच्या संशोधकांचा मेळावा यंदा भिवंडीत भरला, याचं श्रेय सगळे शुभदाला देत होते आणि तिला ते घेववत नव्हतं. नाशिक, पनवेल, कल्याणहून माणसं आली होती. कॉलेजच्या सभागृहात बाहेरच्या कापड विणणाऱ्या पॉवरलूमचा खडखडाट ऐकू येत होता. "इथे शिकवता तरी कसं हो?" एका पाहुण्याने विचारलं. "तो बंद पडला की पोरं झोपतात," शुभदा म्हणाली.

मेळाव्याची एक रीत होती. अण्णांनी, म्हणजे मेळावा सुरू करणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांनी ती घालून दिली होती. पडद्यावर काहीही दाखवायच्या आधी बोलणाऱ्याने फळ्यावर खडूने आपली गृहीतकं लिहायची. काय खरं धरलं, काय सोडून दिलं, ते आधी, उत्तर मग.

"लिही रे मिहिर," अण्णा पहिल्या रांगेतून म्हणाले. "गृहीतकं लपवणाऱ्याला आमच्याकडे चहा मिळत नाही."

मिहिर हसत खडू घेऊन उभा राहिला. तो शुभदाच्या हाताखाली पीएचडी करत होता. भिवंडीजवळच्या वळ गावातल्या एका गोदाम कंपनीने त्यांना प्रश्न दिला होता: गावोगावच्या कामगारांना शिफ्टला आणणाऱ्या गाड्यांचे मार्ग असे आखून द्या, की गाड्या कमी लागतील आणि वेळ वाचेल. मिहिरने तो इतका सुरेख सोडवला, की कंपनीने दिवाळीनंतर तेच मार्ग चालू केले. कंपनीची वाहतूक बघणारे हरेश पाटील आज मुद्दाम आले होते. मिहिरला नोकरीवर घ्यायचं त्यांच्या मनात होतं आणि सकाळपासून भेटेल त्याला ते तसं सांगत होते.

मिहिर एकेक गृहीतक लिहीत गेला. शेवटचं त्याला ठाऊकच नव्हतं. ते शुभदाचं होतं.

थांब्यांची माहिती तिने निवडून, साफ करून त्याच्या हाती दिली होती. थांबे फार झाले की हिशेब आवाक्याबाहेर जातो, म्हणून तिने एक नियम केला होता: नकाशावर अर्ध्या किलोमीटरच्या आत असलेले दोन थांबे एकच धरायचे. त्या नियमात वडपे गावाजवळचा एक पाडा सापडला. तो समोरच्या ढाब्याच्या थांब्यात मिसळून गेला. मध्ये हायवे होता. भिवंडीत लहानाची मोठी झालेल्या बाईला हे कुणी सांगायला नको होतं. पाड्याचा ठिपका पुसताना तिचा हात थबकलाही होता. पण एकाला अपवाद केला तर तो नियम कसला, असं म्हणून ती पुढच्या ठिपक्याकडे वळली होती.

गेल्या आठवड्यात दिपिका चाचणीला आली नाही. दिपिका दुसऱ्या वर्षाला होती, त्याच पाड्यावरची. शुभदाने कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझी आत्या हायवेवर पडली मॅडम. तानी आत्या, गोदामात जाते ती. टेम्पोची धडक बसली, पाय मोडला. आधी गाडी पाड्यावर यायची, आता पलीकडं थांबते ना."

शुभदाने दवाखान्याची चौकशी केली. चाचणी पुन्हा घेईन म्हणाली. तो थांबा आपणच पुसला, हे मात्र तिने सांगितलं नाही. मेळावा तोंडावर आला होता, मिहिरच्या नोकरीचं जमत आलं होतं. हे एकदा पार पडू दे, मग बघू, असं तिने ठरवलं. आणि पाड्यावरच्या बाया आठवडाभर रोज जाता-येता हायवे ओलांडत राहिल्या.

आता तीच दिपिका दाराशी नावनोंदणीच्या टेबलावर बसून फळ्याकडे बघत होती.

"झाली का सगळी?" अण्णांनी विचारलं.

"हो सर."

"नाही," शुभदा म्हणाली आणि उठली. मिहिरच्या हातून खडू घेऊन तिने खाली लिहिलं: नकाशावर जवळ ते चालायलाही जवळ.

"मॅम, हे कधी धरलं आपण?" मिहिर हळूच म्हणाला.

"तू नाही. मी धरलं."

मग तिने सभेला सांगितलं. नियम, पाडा, हायवे. पाड्याचा थांबा परत घातला तर मार्ग लांबतो, आणि मिहिर आता जी बचत दाखवणार आहे तिच्यातली बरीचशी जाते, हेही सांगितलं. बोलताना तिने हरेश पाटलांकडे पाहिलं नाही, दाराकडे तर नाहीच.

अण्णा खूश होऊन खुर्चीत सरसावले. "वा! म्हणजे अंतराची व्याख्याच बदलायला हवी."

"हायवे ओलांडण्याला हिशेबात दंड लावा की," नाशिकचे एक प्राध्यापक म्हणाले. "मोठा आकडा घाला. प्रोग्राम आपोआप टाळेल."

"किती मोठा?"

"ते ठरवता येईल."

माणसं वह्या काढू लागली.

"एका बाईचा पाय मोडलाय," शुभदा म्हणाली.

"अरेरे," अण्णा म्हणाले. मग समजुतीच्या सुरात, "म्हणूनच तर शुभदा, याच्याइतकं बोलकं उदाहरण मिळायचं नाही. पुढच्या मेळाव्याचा विषय हाच ठेवू." आणि त्यांनी तिच्या प्रामाणिकपणासाठी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सगळ्यांनी वाजवल्या. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

चहाच्या वेळी तिने हरेश पाटलांना गाठलं. गाडी पाड्यावर परत न्या, एवढंच म्हणाली. उत्तर काय येईल त्याची तिने तयारी करून ठेवली होती: मंजुरी, कॉन्ट्रॅक्ट, वरचे साहेब.

"हात्तिच्या, एवढंच ना?" हरेश पाटलांनी तिथल्या तिथे ड्रायव्हरला फोन लावला. "हां भाई, कल से गाडी पाडे के अंदर लेना। हां, पहले जैसा।" फोन खिशात टाकून ते म्हणाले, "झालं काम. एक फोन करायचा ना मॅडम! त्यासाठी मेळावा कशाला?"

तिने कप खाली ठेवला. "आणि मिहिर?"

"साहेबांना तो बचतीचा आकडा दाखवला होता मी. आता बघावं लागेल."

मिहिर जवळच उभा होता. तो चिडलेला नव्हता. "मॅम, मला आधी सांगितलं असतंत तर मीच लिहिलं असतं," एवढंच म्हणाला आणि पाहुण्यांना बिस्किटं द्यायला गेला.

शुभदा दाराकडे वळली. दिपिका उरलेले बिल्ले डब्यात भरत होती.

"गाडी उद्यापासून पाड्यावर येईल," शुभदा म्हणाली. "आत्याला सांग. आणि हेही सांग, की ती बंद माझ्यामुळे झाली होती."

दिपिकाने डब्याचं झाकण लावलं. "गाडीचं सांगते. दुसरं तुम्हीच सांगा मॅडम. मी न्हाय सांगणार."

"कधी येऊ? कधी भेटतील त्या?"

"कधी पण या," दिपिका म्हणाली. "ती आता कुठं जाणार? घरीच हाय."