आवाज एकाचाच

नवीन टीव्ही घरी आला तेव्हा श्रेयसने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्याचं एवढं कौतुक सांगितलं की दुकानदारानेही सांगितलं नसेल. पडद्याचे म्हणे दोन भाग होतात, एकीकडे बातम्या, दुसरीकडे मॅच, भांडणच नाही. मी विचारलं, आणि आवाज? तर आवाज एकाचाच येतो. म्हणजे भांडण होतंच, फक्त पडद्यावरून रिमोटवर आलं. आणि रिमोट आमच्या घरात सासऱ्यांच्या मांडीखाली असतो.

सासरे म्हणजे अण्णा. वेणीमाधवशास्त्री म्हटलं की रामकुंडावर अजून लोक वळून बघतात. यात्रेकरूंची कार्यं करण्यात जन्म गेला. आता गुडघे दुखतात, घाटाच्या पायऱ्या उतरवत नाहीत, म्हणून सगळा जीव नातवात, माझ्या आल्हादमध्ये. रोज सकाळी त्याची संथा चालते. आमच्या वेदशाखेत मंत्र म्हणताना हातही चालवावा लागतो. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, काही ठिकाणी आडवा. मी पोळ्या लाटता लाटता ऐकत असते. मला मंत्र काही येत नाहीत, पण अण्णांचं एक वाक्य पाठ झालंय. "दम राखून ठेव, शेवटाला लागतो."

त्या रविवारी आल्हादची पुण्यात वेदपठणाची स्पर्धा होती. श्रेयस त्याला घेऊन गेला होता आणि स्पर्धा यूट्यूबवर दिसणार होती. नेमकी त्याच सकाळी वणीला सरिताची धावण्याची शर्यत. सरिता ही माझ्या नणंदेची, यशश्रीची मुलगी. यशश्रीने सुरगाण्याकडच्या सुनीलशी, एका शाळामास्तराशी, जातीबाहेर लग्न केलं त्याला आता सोळा वर्षं होतील. अण्णांनी तेव्हा आरडाओरडा केला नाही, घरातून हाकललं नाही. ते फक्त तिच्याशी बोलायचे थांबले. तिचा फोन आला की उठून गॅलरीत जातात आणि तुळशीला पाणी घालतात. एका दिवसात त्या तुळशीला तीनदा पाणी मिळालेलं मी पाहिलंय. मला या माणसाचा राग येतो, आणि खरं सांगायचं तर कीवही येते.

यशश्रीचा आदल्या दिवशी फोन आला होता. मैदानावरून ती लाइव्ह करणार होती. "वहिनी, तू तरी बघ," म्हणाली. ते 'तरी' मला लागलं. आल्हादचं सोडून मी ते बघणं शक्य नव्हतं, आणि न बघणंही शक्य नव्हतं. मग श्रेयसचा कौतुकाचा टीव्ही कामाला लावला. डावीकडे पुणे, उजवीकडे वणी.

अण्णांनी विचारलं, हे शेजारी काय लावलंस? मी सरळ सांगून टाकलं, सरिताची शर्यत आहे, तुम्ही तुमचं बघा. ते या वेळी उठून गॅलरीत गेले नाहीत, कारण आल्हादचा नंबर येत होता. रिमोट मात्र मांडीखाली नीट सरकवून घेतला. आवाज पुण्याचा.

दोन्ही एकदमच सुरू झालं. डावीकडे आल्हाद सोवळं नेसून ताठ बसला होता, त्याचा हात चालू लागला. इकडे अण्णांचा हात त्यांच्या गुडघ्यावर तसाच चालू लागला, त्यांना कळतही नसावं. उजवीकडे फक्कीने आखलेलं मैदान, त्यावरून गोल धावणाऱ्या मुली, आणि मधोमध दोन वेण्यांची सरिता. फोन यशश्रीच्या हातात, त्यामुळे ती स्वतः कुठेच नव्हती. पडद्याच्या खालच्या कडेला फक्त तिची सावली होती, पदर उडत असलेली. सरिता समोरून गेली की सावलीचा हात वर जायचा. ओरडत असणार. आम्हाला ऐकू येत नव्हतं.

मी अण्णांकडे पाहिलं. गुडघ्यावरचा हात आल्हादबरोबर चालला होता, पण डोळे उजवीकडे होते. सरितावर नाही, खाली, त्या सावलीवर.

थोड्या वेळाने त्यांनी मांडीखालून रिमोट काढला आणि माझ्यापुढे धरला.

"आवाज तिकडचा लाव."

"आणि आल्हाद?"

"त्याचा हात दिसतोय मला. हातावरून सगळं कळतं. तिचं काहीच दिसत नाही."

मी बटण दाबलं. खोलीत वारा शिरला, शिट्ट्या शिरल्या, आणि त्यातून यशश्रीचा ओरडून ओरडून चिरकलेला आवाज आला. "सरे, घाई नको गं. दम राखून ठेव, शेवटाला लागतो."

अण्णांचा हात गुडघ्यावर थांबला. मग आवाज न येणाऱ्या आल्हादकडे बघून ते चुकचुकले, हात घसरला त्याचा म्हणाले, आणि लगेच पुन्हा उजवीकडे वळले.

शेवटच्या फेरीत सरिताने एकीला मागे टाकलं, मग दुसरीला. शर्यतीत तिचा दुसरा नंबर आला. तिकडे एकच गलका झाला, फोन खाली गेला, नुसती माती आणि लोकांच्या चपला दिसू लागल्या.

"तिला यावर काही लिहून पाठवता येतं ना?" अण्णांनी विचारलं. मी हो म्हटलं. "मग लिही, घसा बसलाय. ज्येष्ठमध चघळ म्हणावं."

मी माझ्या फोनवर लिहिलं, 'अण्णा बघतायत. म्हणतात, घसा बसलाय, ज्येष्ठमध चघळ.' आणि पाठवून दिलं.

बराच वेळ माती आणि चपलाच दिसत राहिल्या. मग चित्र हळूहळू वर आलं आणि एका जागी थांबलं. गलक्यातून तिचा आवाज आला, अगदी बारीक.

"अण्णा?"

हे चित्र एकाच बाजूने येतं, इथलं तिकडे काही जात नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं होतं. तरी अण्णा सावरून बसले आणि टीव्हीकडे बघून, आतल्या खोलीतून लेकीने हाक मारल्यावर द्यावी तशी, स्वच्छ ओ दिली.

"ओ."

डावीकडे आल्हादचा अध्याय संपला होता, तो हात जोडून उठत होता. मला पडदा धड दिसेना. डोळे पुसले आणि तिला लिहिलं, 'ओ म्हणाले.'