माशांची जांभई

“मॅडम, मासे जांभई देतात का?”

मैत्रिणींनी पैज लावली होती, हिंमत असेल तर विचार. हिंमतीला भिंगरीकडे काय तोटा! महिन्याभरापूर्वी ती पहिल्यांदा स्टेजवर बोलली, तेव्हापासून तिचं तोंड बंद करणं कुणाला जमलं नव्हतं. अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. तळ्यांचा अभ्यास करणाऱ्या पाहुण्या बाई मात्र हसल्या नाहीत. कुठे पाहिलंस, एवढंच त्यांनी विचारलं.

आमच्या बेकरीमागच्या तळ्यात, भिंगरीने ऐटीत सांगितलं. आई रोज सकाळी शिळा पाव घेऊन जाते, तेव्हा मासे वर येऊन आ वासतात.

“ती जांभई नाही गं. जीव गुदमरतोय त्यांचा.”

मग बाईंनी समजावलं. पाऊस नाही, त्यात नव्या इमारतींचे टँकर तळ्यातूनच भरतात. उरलेलं पाणी उथळ आणि तापलेलं, त्यात प्राणवायू आधीच कमी. वरून पाव पडला, की तो कुजताना उरलासुरलाही संपतो.

पैजेचं चॉकलेट भिंगरीला मिळालं, पण ते दप्तरातच विरघळलं. आईला सांगायचं कसं? तळं आटायला लागल्यापासून आई दुप्पट पाव नेत होती. पोरं उपाशी आहेत माझी, म्हणायची. माशांना पावाचा मऊ गाभा आणि आम्हाला नुसत्या कडा, असं बाबा चिडवायचे, तर आई खुशाल मान डोलवायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरी आईबरोबर गेली. मासे आले, आ वासून. आईने टोपलीत हात घातला. भिंगरीने तो अलगद धरला आणि सगळं सांगून टाकलं, इतकं हळू, की स्वतःचाच आवाज तिला ओळखू येईना.

आई काठावर खाली बसली.

“म्हणजे त्यांना श्वास पुरत नव्हता, आणि मी भरवत होते?”

“तुला कुठे माहीत होतं, आई?”

भरलेली टोपली तशीच घरी आली. भट्टीपाशी उभ्या बाबांनी एकदा टोपलीकडे, एकदा आईच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि चक्क चिडवलं नाही. रिकाम्या हातांनी तळ्यावर जाऊन आता करू काय, आई पुटपुटली.

भिंगरी पिठाच्या पोत्यावर चढून बसली.

“रिकाम्या हातांनी कोण जातंय? बाबा, जुनी चाळण द्या, लांब काठीला बांधायची आहे. आई, तरंगणारा कुजका पाव तू आणि मी रोज काढायचा. आणि टँकर कुणाला विचारून भरतात, ते मी जाऊन विचारणार आहे. या वेळी पैज न लावता.”