कपाटातला वास

औषधाचं कपाट उघडलं आणि थोरलीचं डोकंच फिरलं. आत कापरासारखा वास नुसता घमघमत होता.

"बघा वहिनी, कसं प्रसन्न वाटतंय!" धाकटा दीर खुशीत म्हणाला. "झुरळ म्हणून औषधाला सापडत नाही."

"भाऊजी, हा वास बाटलीत असायला हवा, कपाटात नव्हे!"

घरामागच्या दोन खोल्यांत त्यांचा डोळ्यांच्या थेंबांचा कारखाना. थेंब गाळून भरायचं काम थोरलीचं, विकायचं धाकट्याचं. थेंबांत जंतू वाढू नयेत म्हणून क्लोरोब्यूटेनॉल घालतात. कापरासारख्या वासाचे पांढरे खडे, उघडे ठेवले तर हवेत उडून जाणारे. काचेत ते मुकाट राहतं. मऊ प्लॅस्टिकमधून मात्र, झाकण कितीही आवळा, हळूहळू बाहेर पडतं. हे तिने घसा फोडून सांगितलं होतं. पण ऐकतो कोण! काच फुटते, गिऱ्हाइकाला दाबायची बाटली हवी, म्हणून या शहाण्याने परस्पर प्लॅस्टिक आणलं आणि ती माहेरी गेलेली बघून सगळा माल भरूनही घेतला.

"अहो, ऑपरेशननंतर घालायचे थेंब हे! बाटली एकदा उघडली की जंतूंना रान मोकळं. एखाद्याचा डोळा जाईल, कळतंय का?"

"तुम्ही म्हणजे राईचा पर्वत करता. टेम्पो दारात उभा आहे, वहिनी."

"असं? मग चला."

तिने नवी बाटली त्याच्या हातात कोंबली आणि त्याला जवळजवळ ओढतच आतल्या खोलीत नेलं. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन परवाच झालं होतं.

"घाला. तुमच्या हाताने घाला. मी अवाक्षर काढणार नाही."

लेक आलेला पाहून म्हातारीने मान मागे टाकली, पापणी ताणून धरली. धाकट्याने बाटली डोळ्यावर धरली. दाबेना. कपाळावर घाम आला तरी दाबेना.

"आईला... आईला जुनी काचेचीच द्या," तो पुटपुटला. आणि लगेच खिडकीतून टेम्पोच्या ड्रायव्हरला ओरडला, "खोकी चढव रे!"

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. लाज कशी वाटत नाही या माणसाला! ती तोंड उघडणार, तोच सासूबाईंनी लेकाचं मनगट पकडलं.

"मला वेगळी का रे?"

"आई, तू पडून राहा."

"लोकांना देतोस तीच घाल." म्हातारीची मान तशीच मागे, पापणी तशीच ताणलेली. "घाल म्हणते ना! हात सोडायची नाही मी."

हा मेला खरंच घालतोय की काय, म्हणून थोरलीने बाटली हिसकायला हात पुढे केला. बाहेर टेम्पोचं इंजिन सुरू झालं. धाकटा खिडकीकडे वळून किंचाळला, सगळी चूक त्या ड्रायव्हरचीच असल्यासारखा.

"उतरव ती खोकी! सगळी! बहिरा आहेस का?"