नऊ वेळा नाही

"दोन्ही अर्जांवर मी सही करून ठेवली आहे," मुलगी बूट चढवता चढवता म्हणाली. "आज चारच्या आत एक अर्ज द्यायचा, दुसरा फाडून टाकायचा. आणि बाबा, संध्याकाळी मला 'एकीकडे असं आहे, पण दुसरीकडे पाहिलं तर तसंही आहे' हे ऐकवायचं नाही. हो की नाही, एवढंच."

"तूच तासभर रजा काढून आलीस तर..."

"तासभर? चाळीस माणसं उपाशीपोटी रांगेत बसलेली असतात माझ्यासमोर. त्यांना काय सांगू? माझ्या वडिलांचं ठरत नाहीये, तोवर रक्त आत ठेवा?"

मुलगी रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते आणि साडेसहाला घर सोडते. जावई इमारतींमधल्या लिफ्ट तपासतात. त्यांनाही या आठवड्यात रजा नव्हती. राहिलो मी. आमच्या नातीला, भिंगरीला, पहिलीत घालायचं होतं. एक शाळा घरापासून पाच मिनिटांवर, सरकारी. दुसरी खाजगी, बसने पाऊण तास. निवाडा माझ्या हाती, आणि माझ्याइतका वाईट न्यायाधीश शोधून सापडला नसता.

हे मी विनयाने म्हणत नाही. चौतीस वर्षं मी ग्रंथालयात पुस्तकांची सूची केली. पुस्तक न वाचता त्याची जागा ठरवायची, हे माझं काम. आयुष्यात एकदाच एका शाळेची पारख केली, ती या मुलीसाठी. तिथले हेडमास्तर इतकं सुरेख बोलत की मी ऐकत राहिलो आणि तिथल्या तिथे नाव घालून आलो. पुढची चार वर्षं त्या शाळेत गणिताला मास्तरच नव्हता. मुलगी आजही कुठे आकडेमोड अडली की माझ्याकडे बघते आणि म्हणते, "भाषा मात्र छान होती हं हेडमास्तरांची."

या खेपेला मी भाषेवर भाळू नये म्हणून जावईबापूंनी एक पत्रक तयार करून त्याच्या दोन प्रती दिल्या होत्या. त्यांच्या कामातलंच पत्रक. लिफ्टच्या जागी शाळा. डावीकडे चौदा प्रश्न, उजवीकडे 'हो' आणि 'नाही' असे दोन रकाने, वर सूचना: योग्य रकान्यात खूण करा. अगदी तळाशी एक चौकोन: 'तपासणाऱ्याचे मत: मूल येथे घालावे का?'

"तुम्ही फक्त खुणा करा, बाबा," जावई म्हणाले होते. "विचार करू नका."

खाजगी शाळा मी आदल्या दिवशी पाहून आलो होतो. तिथे काचेच्या टेबलामागे एक बाई होत्या. मी पत्रक नुसतं हातात धरलं, तर त्यांनी ते ओढून घेतलं आणि चौदाच्या चौदा ठिकाणी 'हो'वर खुणा करून परत दिलं. "एखादा वर्ग बघता येईल का?" असं मी तीनदा मनात म्हटलं आणि एकदा तोंडाने. त्या म्हणाल्या, "मुलांना आम्ही डिस्टर्ब करत नाही, सर." पाऊण तास मी त्या इमारतीत होतो आणि एकही मूल पाहिलं नाही. एकदा कुठेतरी लांबून शिंक ऐकू आली, तेवढीच.

आज सरकारी शाळेची पाळी. फाटकातून आत शिरलो तेव्हा दहा वाजले होते. कार्यालयात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, एका हाताने फोन धरून दुसऱ्या हाताने तक्ता भरत होत्या. मी दाराशी उभा राहिलो. पाच मिनिटांनी त्यांचं लक्ष गेलं.

"कोणत्या कार्यालयाकडून?"

"मी... आजोबा आहे."

"ते दिसतंय. पण कोणाकडून आलात?"

"नातीकडून," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "अहो, मग बसा ना! मला वाटलं, आज परत तपासणी. या महिन्यात चार झाल्यात. शाळेची गुणवत्ता बघायला येतात, आणि ती दाखवता दाखवता शिकवायचं राहून जातं. जा तुम्ही, दुसरीचा वर्ग बघा. डावीकडे, तिसरं दार. ढकला जोरात, अडकतं ते."

दार खरंच अडकलं. मी ढकललं, तर ते एकदम उघडलं आणि मी जवळजवळ धावतच वर्गात शिरलो. छत्तीस मुलं उभी राहिली आणि कोणी काही सांगायच्या आत एका सुरात ओरडली, "नमस्कार, साहेब!"

"साहेब नाहीत ते, बसा," वर्गाच्या बाई म्हणाल्या. चाळिशीच्या, आवाज बसलेला, केसांत खडूची पूड. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला मागच्या बाकावर बसवलं. माझे गुडघे हनुवटीला लागले.

"वाचन दाखवते," त्या म्हणाल्या. "उठ गं तू, वेणीवाली."

मुलीने पातळशी पुस्तिका उचलली आणि वाचायला सुरुवात केली. गोष्ट एका कासवाची होती. त्याला वाटेत छत्री सापडते. मुलगी कुठेही न अडखळता, स्वल्पविरामावर थांबत, प्रश्नचिन्हापाशी आवाज चढवत वाचत होती. मला फार बरं वाटलं. हे काम वाटलं तितकं अवघड नाही, असं मनात येतंय तोच माझी नजर तिच्या बोटांकडे गेली. "छत्री उघडली, आणि कासव म्हणालं, अरे वा, आता मला दोन छपरं!" इथवर म्हणून झालं आणि मग तिने पान उलटलं. मी माझ्या बाकावरची पुस्तिका उघडून पाहिली. दोन छपरं पुढच्या पानावर होती.

दुसऱ्या मुलाने वाचलं. त्यानेही छपरांनंतर पान उलटलं. तिसरा तर पुस्तिका बंद ठेवूनच वाचायला लागला होता. शेजारणीने ढोसल्यावर त्याने ती उघडली.

म्हणजे वाचता कोणालाच येत नाही, नुसतं पाठ आहे. बोलावं की बोलू नये? बोललो तर बाईंचा अपमान. न बोललो तर भिंगरी वर्षभर कासव घोकणार. मी उठलो. बाकाने गुडघा धरून ठेवला होता, म्हणून परत बसलो. शेवटी बसूनच म्हणालो, "बाई, मुलांनी पान जरा... उशिरा उलटलं, नाही का?"

बाई खुर्चीत धपकन बसल्या.

"आलं लक्षात तुमच्या," त्या म्हणाल्या. "इतके साहेब येऊन गेले, एकाच्याही नाही आलं. अहो आजोबा, दर तपासणीला हेच कासव. आठ दिवसांनी परत हेच कासव. मुलं अडखळली की शाळेचा नंबर खाली जातो, आणि नंबर खाली गेला की तपासण्या वाढतात. मग मी काय करू? दुसरं वाचायला घेतलं की कासव मागे पडतं. कासव मागे पडलं की आम्ही मेलो!"

"पण मग यांना वाचता येतं का?"

"येतं!" त्या इतक्या मोठ्याने म्हणाल्या की पुढची दोन मुलं दचकली. "द्या काहीही. आहे तुमच्याकडे?"

माझ्या पिशवीत एक पुस्तक होतं, नेहमीच असतं. पण ते बारीक टाइपातलं आणि साडेपाचशे पानांचं. मी घुटमळलो. बाईंनी हात पुढे केला. "तो खिशातला कागद द्या. तो छापील दिसतोय."

"हा नको, बाई. हा जरा..."

पण कागद त्यांच्या हातात गेलाही होता. एकदाही न पाहता त्यांनी तो वेणीवालीला दिला. "वाच. मोठ्याने."

ती जावईबापूंचं पत्रक वाचायला लागली.

"शा-ळा त-पास-णी. योग्य र... रका-न्यात खूण करा." ती थांबली. "आजोबा, पेन?"

मी पेन दिलं. काय करत होतो ते मला कळत नव्हतं.

"एक. पिण्याचे पाणी आहे का?"

"हो!" वर्ग ओरडला. तिने खूण केली.

"दोन. शौ-चा-लयाच्या दाराला आतून कडी आहे का?"

"नाही! एकाने बाहेरून दार धरायचं."

"हा सोडून देतो धरता धरता," एक मुलगी शेजाऱ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"एकदाच सोडलं होतं!"

"तीन. पाणी निर्... निर्जं... निर्जंतुक असते का?" तिने मान वर केली. "म्हणजे काय, बाई?"

बाईंचा चेहरा लाल झाला होता. आता त्या कागद हिसकावून घेणार, असं मला वाटलं. त्यांनी घेतला नाही. निर्जंतुक म्हणजे काय ते सांगितलं आणि म्हणाल्या, "वाच पुढे."

ती वाचत गेली. अडखळली, मागे गेली, एक ओळ चुकून दोनदा वाचली. कासव वाचताना यांतलं एकही झालं नव्हतं. कोणाचं अडखळणं ऐकून मला इतका आनंद आजवर झालेला नाही. मध्येच तिने कागद पुढच्याला दिला, त्याने दोन प्रश्न वाचले, त्याच्याकडून आणखी एकीने घेतला.

"सात. जिन्याला कठडा आहे का? आहे. पण हलतो. हलतो तर हो की नाही?"

यावर मोठा वाद झाला. मतं मोजली आणि 'नाही' ठरलं.

"अकरा. शिक्षक मुलांशी शांतपणे बोलतात का?"

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघता?" बाई ओरडल्या. "खरं ते सांगा!"

"नाही!" वर्ग आनंदाने म्हणाला.

"रविवारी शांत असतात," एका मुलाने बाजू घेतली.

"अरे, रविवारी शाळा नसते."

बाईंना हसू आवरलं नाही. मी मात्र घामाघूम झालो होतो. चौदा प्रश्न संपले. मुलांनी खुणा मोजल्या, एकदा नऊ आल्या, एकदा दहा, मग फळ्यावर काड्या मांडून नऊ पक्क्या झाल्या. नऊ वेळा 'नाही'. वेणीवालीने तळचा चौकोन वाचला, मान वाकडी करून माझ्याकडे पाहिलं आणि कागद परत आणून दिला.

"हे आमच्यासाठी नाही. हे तुम्हाला विचारलंय."

मी शाळेबाहेरच्या कट्ट्यावर बसून तो चौकोन साडेतीन तास भरला नाही. एका खिशात चौदा 'हो', दुसऱ्यात नऊ 'नाही'. आंधळ्यानेसुद्धा बोट ठेवून सांगितलं असतं. सव्वातीनला मी उठलो आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर अर्ज ठेवला. त्यांनी पोचपावतीवर शिक्का मारला. शिक्क्याचा आवाज होताच मला वाटलं, चुकलंच. परत मागावा का? पण परत मागायला जेवढं धैर्य लागतं तेवढं माझ्याकडे नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मागावासा वाटतही नव्हता.

संध्याकाळी जावईबापूंनी दोन्ही पत्रकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"बाबा, यात नऊ 'नाही' आहेत."

"हो."

"आणि यात एकही नाही."

"हो."

"आणि तुम्ही अर्ज दिलात नऊवाल्यांकडे!"

"हो."

"एक 'नाही' आला तरी मी लिफ्ट बंद करतो, बाबा. नऊ आले तर दाराला सील ठोकतो. ही कसली तपासणी?"

मुलगी आली तशी, बूटही न काढता खुर्चीत बसली होती. तिचं ते तसं बसणं मला हेडमास्तरांपासून ठाऊक आहे. मला सुचलं ते सगळं 'एकीकडे'ने सुरू होत होतं, म्हणून मी ते गिळलं.

"लिफ्ट स्वतःचं पत्रक स्वतः भरत नाही," मी म्हणालो. आवाज थोडा मोठा निघाला असावा, कारण दोघांनी वर पाहिलं. "हे त्या मुलांनी भरलंय. सात वर्षांच्या. कधीही न पाहिलेला कागद वाचून. बाईंच्या तोंडावर त्यांनी सांगितलं की बाई ओरडतात, आणि बाईंनी खूण करू दिली. ते दुसरं टेबलामागच्या बाईंनी भरलंय, अर्ध्या मिनिटात. तिथे मला मूल दाखवलं नाही. कडी नाही तर बसवता येते. पण... माझं चुकलंही असेल. मला यातलं कळत नाही. मला विचारलंत, मी सांगितलं."

"म्हणजे हो की नाही?" मुलीने विचारलं.

"हो."

"पण?"

"पण नाही. नुसतं हो."

तिने कपाळावर हात मारून घेतला. "धन्य आहे तुमची! लहानपणी मला गणिताविना ठेवलंत, आता नातीला कडीविना ठेवा." तिने मुलांनी भरलेलं पत्रक उचललं आणि वाचायला लागली. हलणाऱ्या कठड्यापाशी कोणीतरी पेनाने बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'जपून'. तिथे ती बराच वेळ थांबली. मग पोचपावतीवरचा नंबर पाहून फोन लावला.

"मोठ्या बाई का? नमस्कार. मी तुमच्या शाळेतली नवीन पालक. नाही, तपासणी नाही हो! घाबरू नका. माझ्याकडे नऊ गोष्टी आहेत. लिहून घेता? घ्या कागद, मी थांबते."

जावईबापू मुकाट्याने आपली हत्यारांची पेटी उघडून स्क्रू कोणत्या मापाचे आहेत ते पाहायला लागले. मी उठून आतल्या खोलीत गेलो. भांडणं ऐकणं माझ्याच्याने होत नाही. तरी दार मी पूर्ण लावलं नाही.