शांतलिंगच्या गाडीचे ब्रेक

शांतलिंगच्या जुन्या लँडमास्टर टॅक्सीला ब्रेक होते, पण सरकारी कचेरीसारखे. आधी अर्ज करायचा, मग वाट बघायची. तीन-चारदा पाय मारला की गाडी नाक खाली घालून, डावीकडं ओढत, आपल्या सवडीनं थांबायची. वळणावर तर अशी डोलायची की साखर कारखान्याच्या कामाला सोलापूरला निघालेले संचालक मागच्या सीटवर नवस बोलायचे. नळदुर्गच्या रस्त्यावरचे ट्रकवाले तिला चांगले ओळखून होते. शांतलिंगला त्याचं काही नव्हतं. "बिगीनं थांबून करायचं काय?" म्हणायचा.

त्र्याहत्तरच्या दुष्काळी उन्हाळ्यात त्याची बायको केशरबाई हनीफ मिस्त्रीच्या गॅरेजवर आली. हनीफ आणि शांतलिंग लहानपणापासूनचे दोस्त.

"भाऊजी, समदी जनावरं रस्त्यानंच छावणीला चाललीत. माणसं खडी फोडत रस्त्याच्या कडंला बसलीत. एखाद्या दिशी ह्यांच्या हातनं कुणाचा तरी जीव जाईल. माझं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील."

हनीफला एवढंच निमित्त हवं होतं. सोलापूरच्या भंगारात एक उलटलेली अँबॅसॅडर पडली होती. तिचे पुढचे मोठे ब्रेक-ड्रम आणि धक्के झेलणारे शॉकअब त्यानं काढून आणले, दोस्ताची गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि चार दिवस तिच्याखाली काढले. पुढच्या चाकांचे जुने रबरी बुश उपटले तर हातात नुसता भुगा आला. नवे बसवले, ब्रेकचे लायनर घासून ड्रमला बसते केले, ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढली. शांतलिंग शेजारी बसून चेष्टा करी. "एवढं तर पोरीच्या लग्नालाबी कुणी राबत न्हाय रं."

पाचव्या दिवशी दोघं घाटापर्यंत गेले. उतारावर शांतलिंगनं एकदाच पाय दिला आणि गाडी न डोलता, सरळ, जागच्या जागी उभी राहिली. तो हनीफच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "आता म्हातारा हुईस्तवर हीच चालवतो."

नऊ दिवस चालवली. दहाव्या दिवशी भर दुपारी तो एकटाच रिकामी गाडी घेऊन सोलापूरहून परत येत होता. घाटात बनाबाई नावाची म्हातारी दोन गाई घेऊन छावणीला निघाली होती. एक गाय भुकेनं रस्त्यातच बसली आणि म्हातारी तिला उठवायला वाकली. शांतलिंगनं ब्रेक दाबला. गाडी चांगली वीस हात अलीकडंच थांबली. मागं कडब्याचा ट्रक होता. ही गाडी सावकाश थांबते हे त्याचा ड्रायव्हर बारा वर्षं बघत आला होता, म्हणून त्यानं अंतर ठेवलं नव्हतं. ट्रकनं गाडी कडेच्या नाल्यात फेकली. शांतलिंग जागीच गेला.

पंचनाम्यात पोलिसांनी लिहिलं की गाडीचे ब्रेक उत्तम होते. ते ऐकल्यापासून हनीफनं पान्याला हात लावला नाही. दोस्ताच्या मातीला तो गेला तेवढाच, पुन्हा त्याच्या दारात जायची हनीफची छाती झाली नाही.

शेवटी केशरबाईच आली. कोपऱ्यातल्या टायरवर बसली.

"वहिनी, जुने ब्रेक असते तर..." हनीफनं कसंबसं तोंड उघडलं.

"तर ती म्हातारी गेली आसती."

"व्हय."

"काल आल्ती ती. माझ्या पायावर डोकं ठिवून रडली. लोक म्हणत्यात, शांतलिंगनं जीव देऊन जीव वाचवला. मीबी मान हलवते. भाऊजी, तिच्या डोक्यावर हात ठिवला आन् मनात आलं, ही का न्हाय मेली. कुणाचा जीव जाऊ नये म्हणून म्याच तुमच्याकडं आल्ते की. आता हे सांगू तरी कुणाला?"

हनीफनं मान खाली घातली. हाच विचार मनात घेऊन नमाजाला उभं राहवेना, म्हणून तो कित्येक दिवस मशिदीत गेला नव्हता.

"मलाबी तसंच वाटतंय, वहिनी," तो म्हणाला.

केशरबाई त्याच्याकडं बघत राहिली, आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच मोकळी रडली.